आधी कांदा, मग तेल

इथिओपियात, अदिस अबाबाला येऊन दीड वर्ष झालं आणि परवा पहिल्यांदा आमच्या घरमालकीणबाईंनी माझा शिरो शेवटपर्यंत पुसून खाल्ला, म्हणून ही पोस्ट.

शिरो म्हणजे हरभरा, वाटाणा वगैरे भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ आणि त्याचंच कालवण. हो हो, पिठलंच! मलाही तसंच वाटलं, त्यामुळे पहिल्या दिवशी जोशात तेल तापवलं आणि मोहरी शोधायला लागले तर बाई मागून ओरडल्याच. इथे कांदा आधी कोरडा शिजवतात. अगदी बारीक चिरलेला लाल कांदा भांड्यात एकटाच, तेलाचा थेंब नाही, मंद गॅसवर नुसतं ढवळत राहायचं, खाली लागतोय वाटलं की पाण्याचा हबका मारायचा. तो पार लगदा झाला की मग तेल, मग बर्बरे, म्हणजे लाल मिरची, मेथी, ओवा, कलौंजी असला त्यांचा मसाला, मग लसूण, पाणी, आणि शेवटी पीठ. आपल्या हाताला फोडणीची घाई असते ना, ती काही केल्या जात नाही. बाई म्हणतात, कस बेकस अंडंसुद्धा पायाने चालायला लागतं. कस बेकस म्हणजे हळूहळू. अंड्याचं ठीक आहे हो, पण त्या कांद्यापायी माझा अर्धा तास जातो, आणि बाईंच्या ईस्टरच्या डोरो वॉटला, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याला, तर त्याहून जास्त.

बुधवार-शुक्रवार इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचा उपास, म्हणजे मांस, दूध, तूप काही नाही, तेव्हा शिरो तेलातच. एरवी नितर किब्बे, म्हणजे मसाले घालून कढवलेलं तूप. आम्ही शाकाहारी, आम्हाला हे उपासाचे दिवस हॉटेलात फारच सोयीचे पडतात.

इंजेरा, म्हणजे शिरो ज्याच्याशी खातात ते इथलं आंबट, जाळीदार घावन, मात्र विकत आणते. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवायचं, त्यातलं थोडं पाण्यात शिजवून परत त्यातच मिसळायचं, मग मिताडवर, म्हणजे भल्यामोठ्या तव्यावर, कडेकडून आत गोल ओतायचं, झाकायचं, उलटायचं नाही. वर जाळी पडली पाहिजे, इथे त्या भोकांना डोळे म्हणतात. माझ्या तीनही इंजेऱ्यांना डोळेच नव्हते. घावन बिघडल्यावर जसं होतं तसं, फक्त आंबट.

तर परवा बाईंनी ताट संपवलं, शेवटचा घास गुंडाळून माझ्याच तोंडात भरवला, याला गुर्शा म्हणतात, नाही म्हणायची सोय नसते. मी खुश. मग हात धुता धुता म्हणाल्या, कांदा अजून दहा मिनिटं चालला असता.