आमची वाटचाल : पुरातून निघालेली करवत

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा चार वखारवाल्यांच्या गोल करवती दुरुस्तीसाठी आमच्याकडे होत्या आणि त्या आठवडाभर गढूळ पाण्याखाली राहिल्या. आम्ही गाळ उपसत असतानाच एका व्यवसायबंधूने त्या चौघांना गाठले, ‘बिडात (ओतीव लोखंडात) आता राम राहिला नाही, भंगारात घाला’ असे सांगितले आणि तिघांना नवी यंत्रे विकली. ज्याला लेथवर पहिल्यांदा उभे केले ते आमच्या वडिलांनी, त्यानेच हे करावे, याचे शल्य अजून गेलेले नाही.

चौथे गिऱ्हाईक मिरजेचे अण्णा. “ही करवत तुमच्या वडिलांनी बसवली, चालूही तुम्हीच करायची,” एवढे बोलून त्यांनी आगाऊ रक्कम हातावर ठेवली.

बिडाच्या पुल्या आम्ही साखर कारखान्याच्या मळीत (मोलॅसिसमध्ये) बुडवल्या. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी असे पिंप भरून तीन आठवडे ठेवले, की गंज सुटतो आणि खालचे बीड शाबूत राहते. उग्र वास मात्र सोसावा लागतो. शाफ्टवर जाम झालेली कॉलर, म्हणजे पाते घट्ट धरणारी चकती, रोज डिझेल सोडून आणि पितळी हातोडीच्या हलक्या टिचक्या देऊन पाचव्या दिवशी हलली. कॉलरच्या टेकणाऱ्या काठावर गंजाचा खपला राहिला, तर तिथला केसाएवढा फरक दातांपर्यंत कित्येक पटींनी वाढतो आणि पाते लडबडते, म्हणून तो काठ ब्लू (उंचवटे दाखवणारा निळा रंग) लावून पुनःपुन्हा तपासला. झिजलेल्या बेअरिंगांत नवे बॅबिट (बेअरिंगसाठीचा मऊ मिश्रधातू) ओतून ती शाफ्टला घासून बसवली.

नव्या वखारवाल्यांना आवर्जून सांगतो, की गंजलेले पाते गॅसच्या ज्योतीने तापवू नका. पाते वेगात ताठ राहावे म्हणून हातोडीने ठोकून दिलेला ताण त्याने निघून जातो आणि पाते वेगात डोलू लागते. दातांच्या बुडाशी तडा दिसला, तर ते पाते पुन्हा चढवूच नका.

दिवाळीनंतर अण्णांच्या वखारीत त्याच करवतीवर बाभळीचा ओंडका चढला आणि पहिली फळी सरळ निघाली. उरलेल्या तिघांपैकी एक जण नंतर आमच्याकडे तशीच जुनी करवत मिळेल का, असे विचारायला आला होता. त्याची स्वतःची करवत तोवर भंगारवाल्याकडून भट्टीत गेली होती.