शून्य यायला हवं होतं

जर्मनीत पीएच.डी. करत होते तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेसातला मास स्पेक्ट्रोमीटरचे, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्राचे, रात्रभराचे आलेख उघडले आणि पोटात गोळाच आला. ज्या कृमींना एक ठरावीक हॉर्मोन बनवताच येत नाही, त्यांच्याच नमुन्यात त्या हॉर्मोनचं ठसठशीत शिखर उभं होतं.

हे कृमी म्हणजे सी. एलिगन्स. पूर्ण वाढलेला जेमतेम १ मिलिमीटर, अंड्यापासून तीनेक दिवसांत प्रौढ. पण गर्दी झाली, खाणं आटलं, की कोवळी अळी पुढे वाढत नाही, ‘डाउअर’ होते. जर्मनमध्ये डाउअर म्हणजे टिकाव. तोंड बंद, अंग सडपातळ, महिनोन्‌महिने उपाशी तग धरते. वाढायचं की थांबायचं, हे ठरवण्यात डाफाक्रॉनिक आम्ल या स्टेरॉइड हॉर्मोनचा मोठा हात असतो: ते असलं की अळी वाढते, नसलं की थांबते. डेव्हिड मँगल्सडॉर्फ आणि अ‍ॅडम अँटेबी यांच्या गटांनी २००६ मध्ये ते ओळखलं. ते कोलेस्टेरॉलपासून बनतं आणि बनण्याची शेवटची पायरी डाफ-९ हे एन्झाइम पार पाडतं. माझ्या उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, कृमींत नेमकं तेच निकामी होतं. त्यामुळे हा वाण जगवायचा तर प्लेटमध्ये, म्हणजे कृमी वाढवायच्या तबकडीत, हॉर्मोन आपणच घालावं लागे. मोजणीसाठी मात्र अळ्या अंड्यातून निघाल्या की हॉर्मोन नसलेल्या प्लेटवर ठेवायच्या.

एका नमुन्याला लाखभर अळ्या लागत. धुवायच्या, गोठवायच्या, फोडायच्या, मग क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉलमध्ये अर्क काढायचा. त्यात जड हायड्रोजनची खूण असलेलं हॉर्मोन मोजून घालायचं, म्हणजे वाटेत किती सांडलं ते कळतं. इतकं करून हाती येणार ग्रॅमच्या अब्जांश भागातलं काहीतरी. म्हणून संशय आधी यंत्रावरच गेला. आधीच्या नमुन्याचं काही नळीत चिकटून राहिलं असेल. नुसतं मेथॅनॉल तीनदा सोडून पाहिलं. रेषा सपाट.

तेव्हा शेजारच्या बाकावरची सीनियर म्हणाली, “उरलेल्या प्लेटा टाकून दिल्यास का?”

टाकल्या नव्हत्या. दोन प्लेटा २० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये तशाच होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि उत्तर समोरच होतं. अळ्या धष्टपुष्ट, पोटाच्या मध्यावर ती पांढरी चंद्रकोर. प्रौढ होण्याआधीच्या, चौथ्या अवस्थेतली अळी या खुणेवरून ओळखतात. म्हणजे त्या थांबल्याच नव्हत्या. त्यांना कुठून तरी हॉर्मोन मिळालं होतं आणि यंत्राने खरं तेच सांगितलं होतं.

हॉर्मोनच्या प्लेटांवर आम्ही मार्करने लाल रेघ मारत असू. त्या आठवड्यात प्लेटांवर बाहेरून बाष्प धरलं होतं, म्हणून मी त्या इथेनॉलच्या बोळ्याने पुसल्या होत्या. त्याच बोळ्याने रेघाही गेल्या आणि हॉर्मोनच्या प्लेटा साध्या समजून वापरल्या गेल्या. चूक माझीच होती. दोन महिन्यांच्या आकड्यांतलं किती विश्वासाचं, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

प्लेटा नव्याने ओतल्या. या वेळी खूण काचेवर लिहायच्या सुईने तळाशी कोरली. अकरा दिवसांनी पुन्हा मोजणी. आलेखावर मी घातलेल्या खुणेच्या हॉर्मोनचं शिखर आणि शेजारी, जिथे कृमींचं स्वतःचं यायचं, तिथे कोरी रेषा.

तरी राखून ठेवलेली प्लेट उघडलीच. काडीसारख्या बारीक अळ्या निपचित पडलेल्या. तारेचं टोक हलकंच लावलं, तशी एक सरसर पळत सुटली.