टायर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज का पडलं: एका पिकअपचा हिशोब

तक्रार सरळ होती. डिझेल पिकअप आधी लिटरला १२ किलोमीटर द्यायची, मोठे ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीचे टायर टाकल्यापासून १० वर आली. इंजेक्टर तपासा, एअर फिल्टर बदला, असं सांगत मालक गाडी घेऊन आले होते. अशा गाडीत मी बॉनेट उघडण्याआधी टायरच्या बाजूवरचे आकडे वाचतो.

कंपनीतून आलेलं माप होतं २६५/६५ आर १७. आता गाडीला होते एलटी २८५/७० आर १७ (एलटी म्हणजे लाइट ट्रक, जास्त भारासाठीचा टायर). पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या बाजूची उंची, तिसरा रिमचा व्यास इंचात. जुन्या टायरचा व्यास त्यावरून ७७६ मिलिमीटर निघतो आणि नव्याचा ८३१. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी ७ टक्के जास्त पुढे जाते, पण मीटर फेऱ्याच मोजतो आणि त्याला जुनंच माप माहीत असतं. जीपीएस लावून महामार्गावर फिरवली, तेव्हा खरे १०० किलोमीटर झाले की ओडोमीटर ९३.५ च्या आसपास दाखवत होता.

म्हणजे मीटरवरचे १० किलोमीटर खरे १०.७ होते. पडलेल्या दोनांतला पाऊण किलोमीटर कधी गेलाच नव्हता. डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेजही याच फेऱ्यांवरून काढलेलं असतं, त्यामुळे तेही तेवढंच चुकतं. टायरचं माप बदललं असेल तर हा गुणाकार केल्याशिवाय कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये. टाकी फुल्ल करून मोजतानाही शक्यतो तोच पंप घ्यावा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबावं, वर आणखी डिझेल दाबून भरू नये, आणि एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये.

तरी १२ वरून १०.७ ही घट खरी होती. १०० किलोमीटरला ८.३ लिटर लागायचे, तिथे ९.३ लागत होते. हा जास्तीचा लिटर शोधायचा होता.

त्यातला मोठा वाटा रबराचा. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकणारा भाग दर फेरीला दबतो आणि पुन्हा सुटतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, उरलेली उष्णता होऊन जाते. खोल खाचा, उंच आणि सुटे ठोकळे, जाड बाजू, जास्त थर असलेला सांगाडा यांनी ही उष्णता वाढते. ठरावीक उदाहरण घेऊ. चालकासह गाडीचं वजन २,२०० किलो आहे. साध्या हायवे टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे चाक फिरताना टायरमुळे होणारा विरोध, वजनाच्या ०.९ टक्के धरला आणि कमी हवेतल्या जड ऑल-टेरेनचा १.३ टक्के, तर पहिल्याला १९४ न्यूटन जोर लागतो, दुसऱ्याला २८१. १०० किलोमीटरमध्ये हा फरक ८.७ मेगाज्यूल होतो. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात, पण चाकापर्यंत त्यातले १०-११ च पोहोचतात. म्हणजे १०० किलोमीटरला पाऊण लिटर निव्वळ टायर तापवण्यात जातो. इंजेक्टर बदलून हा पाऊण लिटर परत मिळाला नसता.

हवा तपासली. चारही चाकांत २६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). जाड टायर दणके देतो म्हणून टायर बसवतानाच कमी ठेवलेली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३२ लिहिलं होतं, पण तो आकडाही इथे उपयोगाचा नव्हता, कारण तो जुन्या मापासाठी आणि जुन्या प्रकारच्या टायरसाठी आहे. एलटी टायरला तेवढाच भार पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. टायर उत्पादकाच्या भार-तक्त्यात जुन्या टायरची ३२ पीएसआयला असलेली भारक्षमता पाहिली आणि तेवढी क्षमता नव्या टायरला कुठे मिळते ते शोधलं. या गाडीला ती ४० च्या आसपास निघाली. मागे माल भरल्यावर मागच्या चाकांत आणखी.

मग खडूची परीक्षा. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड रेघ ओढायची, सपाट रस्त्यावर गाडी सरळ थोडी पुढे न्यायची आणि उतरून पाहायचं. २६ ला कडेचा खडू पुसला गेला आणि मधला तसाच राहिला, म्हणजे टायर कडांवर बसत होता. ४० ला रेघ सगळीकडे सारखी पुसली. मधलीच पुसली गेली असती, तर हवा जास्त झाली असं समजायचं. हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजावी. गाडी निदान तीन तास उभी हवी. बाहेरचं तापमान साधारण ५-६ अंशांनी उतरलं की एक पीएसआय कमी होते.

चाकं उचलून हाताने फिरवली. ब्रेक धरत नव्हता, बेअरिंगही मोकळं होतं. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून एकमेकांकडे वळलेली असणं, मात्र एकूण ५ मिलिमीटर होती, या गाडीसाठी ठरलेल्या मापापेक्षा जास्त. अ‍ॅव्हरेज पडलं की सगळे आधी अलाइनमेंटला दोष देतात, पण एवढ्या फरकाने डिझेल नगण्य वाढतं. झिजतो तो टायर: ५ मिलिमीटरला प्रत्येक पुढचं चाक किलोमीटरमागे सुमारे ३ मीटर आडवं घासत जातं. तळहात टायरवर आडवा फिरवला, तर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागतं. अलाइनमेंट केली ती टायर वाचवायला.

उरलेला भाग वेगाचा. काट्यावर पूर्वीइतकाच ९० ठेवला, तर गाडी आता पूर्वीपेक्षा ७ टक्के वेगाने जाते आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. काटा ८४ वर ठेवायचा, एवढंच करायचं होतं. मोठ्या चाकाने इंजिनचे फेरे कमी होतात म्हणून डिझेल वाचतं, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकतो. पण चाकाची ओढही त्याच प्रमाणात घटते, चढाला गिअर खाली टाकावा लागतो, आणि प्रत्येक चाक ८-१० किलोंनी जड झालेलं असलं की शहरातल्या थांबण्या-निघण्यात ते वजन पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं.

हवा आणि वेग सुधारल्यावर खरं अ‍ॅव्हरेज ११.३ आलं. म्हणजे १०० किलोमीटरला अर्धा लिटर अजून जास्त. तो या टायरचाच आहे. ठोकळे झिजतील तसा थोडा कमी होईल, कारण पातळ रबर कमी तापतं. म्हणूनच नव्या टायरची तुलना झिजलेल्या जुन्या टायरशी केली, तर नवा उगाच जास्त वाईट दिसतो. मालकांचं शेत कच्च्या रस्त्यावर आहे, पावसाळ्यात हायवे टायर तिथे रुततो, तेव्हा हा अर्धा लिटर त्यांनी स्वीकारला आणि मलाही तो योग्य वाटला. फक्त डांबरावर फिरणाऱ्या गाडीला मी हे टायर सुचवत नाही. तिथे मूळ मापाचा, कमी रोलिंग रेझिस्टन्सचा टायर घ्यावा. मात्र टायरचा भार-निर्देशांक (तो किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा) कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी घेऊन डिझेल वाचवू नये.

स्टेपनी अजून जुन्या मापाची होती. फोर-व्हील गुंतवलेलं असताना पुढच्या-मागच्या चाकांच्या व्यासात फरक असला, तर ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) आणि शाफ्टवर पीळ बसतो. पाचवा टायर त्याच मापाचा घ्यायला सांगितलं आणि तो गाडीखालच्या जागेत बसतो का, ते आधी मोजून घेतलं.