असू दे, काका

मंगळवार, रात्री.

रविवारपासून काहीतरी डाचतंय, आणि ते इतकं क्षुल्लक आहे की कोणाला सांगायचीही सोय नाही. म्हणून इथे लिहितोय. कोणाचं काही चुकलेलं नाही. उलट सगळं छान झालं. तेच तर.

गोखले रोडवर ते तळलेल्या चिकनचं नवीन दुकान उघडलंय. सई कधीची मागे लागली होती. ही म्हणाली, "आषाढ आहे तोवर काय ते उरकून घ्या, एकदा श्रावण लागला की माझ्यापाशी नाव काढायचं नाही." म्हणून भर पावसात निघालो. जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहिला, त्याच्या तळमजल्यावर हे. दाराबाहेर छत्र्यांची रांग, आणि आमच्या आधीच येऊन उभा असलेला तो. (नाव घेताना मी अजून अडखळतो. निखिल. घेतलं.)

सकाळीच एटीएममधून पैसे काढून ठेवले होते. म्हणजे ठरवून वगैरे नाही. आपण बाहेर जेवायला जातो तेव्हा पैसे आपण देतो, त्यात ठरवायचं काय?

आत गेलो तर वेटर नाही, मेन्यूकार्ड नाही. दाराशी उभ्या मोठ्या स्क्रीन, त्यावर पोरं भराभर बोटं मारतायत. तो म्हणाला, "काका, तुम्ही आणि काकू जागा पकडा, आम्ही ऑर्डर देतो." बरोबरच होतं. एकही टेबल रिकामं नव्हतं. एक कुटुंब उठायच्या बेतात दिसलं, त्यांच्या उशाशी जाऊन उभा राहिलो. ती उठताच एका खुर्चीवर छत्री, दुसरीवर हिची पर्स, तिसरीवर मी. दोन कॉलेजवाले आले, त्यांना "कोणी आहे इथे" म्हणून परत पाठवलं. जागा पकडण्याचं काम मी चोख केलं, हे कोणीही मान्य करील. वळून बघतो तर दोघं हातात चिठ्ठी घेऊन येतायत. नंबर १४७.

"किती झाले?" मी विचारलं. हात खिशात होता.

"असू दे, काका," तो म्हणाला आणि वर टांगलेल्या नंबरांच्या पाटीकडे बघायला लागला.

बस, एवढंच. रविवारपासून मी याच दोन शब्दांभोवती घिरट्या घालतोय.

आपल्या हॉटेलात बिल शेवटी येतं. बडीशेपेबरोबर, बशीत. आणि खरी गंमत तिथून पुढे असते. दोन हात एकदम बशीवर पडतात. "मी देतो", "छे, शक्यच नाही", "मागच्या वेळी तुम्हीच दिलंत", "मग काय झालं!" मनगटं धरली जातात, वेटरला दम दिला जातो, "यांचे घ्यायचे नाहीत हं." हिचे मामा तर हात धुवायला म्हणून उठायचे आणि गल्ल्यावर पैसे देऊन, तोंड पुसत, साळसूदपणे परत यायचे. पुढे सगळ्यांना ती युक्ती कळली, तरी मामा उठले की त्यांच्या मागे धावायचं हा शिष्टाचार होता. अण्णांचं वेगळंच. आमचे निकाल लागले की ते आम्हाला तलावपाळीला घेऊन जायचे. खाऊन झालं की चष्मा चढवून बिल वरपासून खालपर्यंत वाचायचे, ओठ हलवत. आम्ही चिडीचूप, जणू आमचंच प्रगतिपुस्तक. मग नोटा मोजून बशीत, आणि परत आलेल्यातली काही नाणी वेटरसाठी तिथेच. तेव्हा काय खाल्लं ते धड आठवत नाही. बिल वाचणारे अण्णा आठवतात.

इथे ती वेळच येत नाही. घास तोंडात जायच्या आधी हिशेब मिटलेला. मग जेवताना माणसाने करायचं काय? नुसतं जेवायचं?

जेवलो. खोटं कशाला बोलू, चिकन चांगलं होतं. वरचं आवरण दाताखाली कडकन फुटतं आणि आतून वाफ येते. ही म्हणाली, "मीठ अगदी हाडापर्यंत गेलंय हो." हिच्या तोंडून ही पावती सहसा मिळत नाही. मग लगेच म्हणाली, "लिंबू पाहिजे होतं मात्र." ती कोबीची गोडूस कोशिंबीर कोणालाच आवडली नाही. आणि मधेच त्याने, न विचारता, लेग पीस उचलून माझ्यासमोर ठेवला.

आता हे बघा. हिच्या माहेरी मी पहिल्यांदा जेवलो तेव्हा सासूबाईंनी तंगडी माझ्या ताटात वाढली होती. जावयाला वाढतात. पाहुण्याला वाढतात. मी गप्प बसून खाल्ली. रविवारीही गप्प बसून खाल्ली.

रात्री झोप लागेना. मनात नको ते यायला लागलं. आज "असू दे, काका", उद्या डॉक्टरच्या फीला "असू दे", परवा सोसायटीच्या मीटिंगला "तुम्ही कशाला, मी जातो". माणसाला बसवून खाऊ घालायला लागले की समजायचं. ऑफिसातून निघताना नारळ देतात तेव्हाही माणूस खुर्चीवर बसलेला असतो आणि बाकीचे उभे. सई पुढे कुठे राहणार हा एक प्रश्न आहेच, पण तो आज नको.

मग फोन घेऊन वाचत पडलो, की हे आधी पैसे घ्यायचं खूळ काढलं कोणी. पहिला सापडला तो कर्नल सँडर्स. (आम्ही गेलो ते दुकान त्याचं नव्हे, दुसऱ्या कुणाचं तरी, पण हे सगळे त्याचेच वंशज.) १९३० साली केंटकीतल्या कॉर्बिन गावी हा पेट्रोल पंप चालवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना स्वतःच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाशी बसवून जेवू घालायचा. कढईत कोंबडी तळायला अर्धा तास लागायचा, गिऱ्हाईक खोळंबायचं, म्हणून १९३९ मध्ये त्याने प्रेशर कुकरमध्ये तळायला सुरुवात केली. तेल आणि शिट्टी हे दोन शब्द एकत्र वाचूनच मला धडकी भरली. ते असो. हा माणूस मला आवडला. घरच्या टेबलावरून उठणाऱ्या माणसाकडून पैसे कसे घेत असेल? त्याला लाज वाटत असेल की गिऱ्हाइकाला?

वेटर घालवला तो मॅकडोनाल्ड भावांनी. १९४८, कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो. बरा चाललेला धंदा त्यांनी मुद्दाम बंद ठेवला, गाड्यांपाशी जाऊन वाढणाऱ्या मुली कमी केल्या, बश्या-चमचे काढून टाकले, आणि नव्याने उघडलं ते असं की खिडकीशी या, पैसे द्या, कागदात गुंडाळलेलं घ्या. पोरी गेल्या, बशी गेली. आता बशीच नाही म्हटल्यावर बिल ठेवणार कशात? दोन अमेरिकन भावांनी भांडी घासायचा खर्च वाचवला आणि त्याची झळ इतक्या वर्षांनी नौपाड्यात मला लागली, असा शोध रात्री दीडच्या सुमाराला लागल्यावर मला एकट्यालाच हसू आलं.

एक गोष्ट वर सांगायची राहिली. खाऊन झाल्यावर ट्रे आपणच उचलायचे असतात. तो उठायच्या आत मी दोन्ही ट्रे ताब्यात घेतले. "काका, राहू द्या," तो म्हणाला. "असू दे," मी म्हणालो. हाडं, कागद, सॉसच्या पुड्या, सगळं कचऱ्याच्या डब्यात रिकामं केलं, ट्रे वर रचून ठेवले आणि परत येताना जरा ताठ चालत आलो. हिने बघितलं. काही बोलली नाही, पण रिक्षात बसल्यावर म्हणाली, "ट्रे छान उचललेत." त्यात काय होतं ते मला कळलंय.

सगळ्यात टोचतं ते हे की किती झाले तेच माहीत नाही. चिठ्ठी त्याच्या खिशात गेली. सईला विचारावं तर "बाबा, तुम्ही ना!" म्हणणार. आज भाजी आणायला निघालो तो मुद्दाम त्या रस्त्याने. काचेबाहेर उभं राहून आतल्या दरांच्या पाट्या वाचायला लागलो. त्याही स्क्रीनच. बकेटचा भाव डोळ्यांत भरतोय न भरतोय तोच तिथे बर्गरचं चित्र. परत बकेट येईपर्यंत थांबायचं, तोवर पेयाचा आकडा विसरायचा. वर ५ टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. तो आधीच धरलेला की वेगळा, ते वाचायला अक्षरं मुंगीएवढी. माझे ओठ हलत असावेत, कारण वॉचमनने दार उघडून धरलं, "आइए ना सर, अंदर देखिए." हातात मेथीची जुडी. मी म्हटलं, "नहीं नहीं, ऐसेही," आणि सटकलो.

अंदाजे बेरीज जमलीय तरीही. दीड हजाराच्या आतबाहेर. पोराचा पगार काय, खर्च काय... जाऊ दे.

घरी आल्यावर हिला म्हटलं, येत्या रविवारी दोघांना जेवायला बोलाव, आषाढाचं मटण करू. मनातला हिशेब साधा होता, आपल्या घरात स्क्रीन नाही. ही मेथी निवडता निवडता म्हणाली, "सांगितलंय मी कधीच. आणि मटण तोच आणतोय. कळव्याला ओळखीचा खाटीक आहे त्यांचा."

"आणि पैसे?"

"ते तुम्ही दोघं बघा."

त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. सईकडून घेतला. खूप वेळ खोडत, परत लिहीत, शेवटी पाठवलं: "मटण दीड किलो आण. पुढचा पाय बघून घे. पैसे मी देणार. काका."

आत्ता उत्तर आलं. "पायाचं लक्षात ठेवतो. पैशाचं बघू, काका."

बघू म्हणतोय! मागच्या वेळी तूच दिलेस, असं लिहून पाठवलंय. दोन निळ्या खुणा आल्यात. बघतो आता काय म्हणतो ते.