गल्लीतलं तिकीटवाटप

एबी फॉर्म कुणाच्या हाती पडला यावरून अर्ज भरायच्या आदल्या रात्री चालणारी नाटकं तुम्हाला नवीन नाहीत. रुसवेफुगवे, बंगल्यावर खेटे, शेवटच्या तासाला बंडखोरी. त्यामुळे घरचे फोनवर विचारतात, "पण त्याला तिकीट दिलं कुणी?" तेव्हा माझं उत्तर त्यांना पटत नाही. इथे अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट माझ्या गल्लीतली माणसं देतात, निदान नियमाप्रमाणे तरी. कसं द्यायचं ते राज्याराज्यात वेगळं. आमच्या वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचं नव्हे, सिएटलचं) तर 2016 साली दोन्ही तऱ्हा एकाच वर्षी झाल्या.

आधी झाला कॉकस, म्हणजे उमेदवार ठरवायला पक्षाने बोलावलेली गल्लीवार सभा. 26 मार्च, ईस्टरच्या आदला शनिवार. मी तेव्हा ग्रीन कार्डवर होते, म्हणजे मताचा प्रश्नच नव्हता. पण नुसतं बसून बघायला कुणाची हरकत नव्हती. म्हणून शेजारच्या बाईंबरोबर डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसला गेले. शाळेचं कॅफेटेरिया, टेबलांवर प्रिसिंक्टचे नंबर. प्रिसिंक्ट म्हणजे साधारण आपला यादी भाग. कागदावर नाव, पत्ता, सही आणि त्याच ओळीत आपला उमेदवार लिहायचा: सँडर्स, क्लिंटन, नाहीतर 'अजून ठरलं नाही'. गुप्त मतदान वगैरे काही नाही, शेजारचा वाकून वाचू शकतो. मग मोजणी, मग दोन्ही बाजूंची मिनिट-मिनिटाची भाषणं. नोव्हेंबरपर्यंत 18 पूर्ण होणार असतील तर 17 वर्षांच्या पोरांनाही यात भाग घेता येत होता. तसाच एक मुलगा कॉलेजच्या फीवर इतकं पोटतिडकीने बोलला, की समोरच्या एका आजोबांनी उठून आपला रकाना बदलून घेतला. आजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. भांडणाचा सूर मात्र कुठेही नाही. आमच्याकडच्या ग्रामसभेत इतकी शिस्त मी कधी पाहिली नाही.

खरी गंमत शेवटी. पुढच्या पायरीच्या सभेला, 17 एप्रिलच्या रविवारी, प्रतिनिधी म्हणून कोण जाणार? त्याच्यापुढे आणखी पायऱ्या, जूनमधल्या राज्य अधिवेशनापर्यंत. एवढा वेळ तावातावाने बोलणारे सगळे एकदम फोनमध्ये डोकं घालून बसले.

राज्यभरात सुमारे 2 लाख 30 हजार लोक आले आणि सँडर्स 73 टक्क्यांच्या आसपास मिळवून जिंकले. पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार ठरवायला जाणाऱ्या, कॉकसवरून वाटायच्या 101 प्रतिनिधींपैकी 74 त्यांचे, 27 क्लिंटनबाईंचे.

मग 24 मे रोजी सरकारी खर्चाने प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, झाली. आमच्याकडे मतदान टपालाने होतं. मतपत्रिका घरी येते, भरायची आणि परत पाठवायची. या वेळी डेमोक्रॅटिक बाजूला आठ लाखांवर मतं पडली आणि क्लिंटन जिंकल्या, 52 टक्क्यांच्या वर! त्याचा उपयोग? शून्य. पक्षाने आधीच ठरवलं होतं की प्रतिनिधी कॉकसवरूनच वाटायचे. रिपब्लिकन पक्षाने नेमकं उलट केलं आणि त्यांचे प्रतिनिधी प्रायमरीवरून दिले. तोवर त्यांच्याकडे ट्रम्प यांच्यासमोर कुणी उरलंच नव्हतं, हा भाग वेगळा.

ही प्रायमरी मुळात लोकांनीच मागून घेतलेली. 1988 मध्ये टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी इथला रिपब्लिकन कॉकस मारला आणि भले भले चकित झाले. मूठभर कट्टर कार्यकर्ते ठरवून आले तर असं होतं, म्हणून सह्यांची मोहीम झाली आणि 1989 मध्ये कायदा आला. पण निकाल पाळायची सक्ती पक्षांवर नव्हती. 2004 आणि 2012 मध्ये तर प्रायमरी रद्दच केली.

मला विचाराल तर कॉकस बघायला फार छान, पण तिकीट ठरवायला अन्यायाचा. शनिवारची अख्खी सकाळ कुणाला मोकळी असते? आजारी किंवा कामावर असलेल्यांना आधी अर्ज पाठवायची सोय होती, पण ती माहीत असणारे किती!

2019 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने कॉकस सोडला. 10 मार्च 2020 च्या प्रायमरीत मी पहिल्यांदा मत दिलं, तेव्हा सिएटल परिसर कोरोनाने हादरलेला. पाकीट चाटून चिकटवू नका, ओला स्पंज वापरा, असं निवडणूक खात्याला सांगावं लागलं. मी आपलं बेसिनपाशी बोट ओलं करून काम भागवलं आणि पाकीट सिटी हॉलसमोरच्या पेटीत टाकलं. ज्यांनी हौसेने आठवडाभर आधीच टपालात टाकलं होतं त्यातल्या कित्येकांचा उमेदवार मधल्या मध्ये रिंगणातून बाहेर पडला होता: बूटीजेज, क्लोबुशार, ब्लूमबर्ग, वॉरन. टाकलेलं मत परत काढता येत नाही. बायडन यांनी सँडर्सना जेमतेम दीड टक्क्याने मागे टाकलं.

या पाकिटावर एक भानगड असते. बाहेरच्या बाजूला डेमोक्रॅट की रिपब्लिकन, यातली एक चौकट निवडून सही करावी लागते; नाही केली तर मत मोजत नाहीत. मत कुणाला दिलं ते कळत नाही, पण चौकट कुठली निवडली ती माहिती काही काळ मागेल त्याला मिळते. आमच्या ओळखीतली दोन-तीन मराठी घरं एवढ्यासाठीच प्रायमरीत मत देत नाहीत. नोव्हेंबरमध्ये मात्र हमखास देतात. तिथे चौकट नसते.