तुम्ही विचारलंत म्हणून: बंद दीपगृहाला दरवर्षी पैसे कशाला देते?

"अगं पण तळ्यावर दीपगृह कशाला? आणि बंदच आहे ना ते, मग तू दरवर्षी त्यांना पैसे का पाठवतेस?" भारतातून आमच्याकडे मिनेसोटाला येणारा प्रत्येक पाहुणा हे विचारतो. मावशीने विचारलं, नवऱ्याच्या कॉलेजच्या मित्रांनी विचारलं, सासऱ्यांनी तर गाडीतून उतरायच्या आधीच विचारलं. दरवेळी मी तिथल्या पार्किंगमध्ये उभं राहून, वारा कानात घुसत असताना अर्धवट काहीतरी उत्तर देते आणि मग सगळे फोटो काढायला पळतात, म्हणून एकदा नीट बसून लिहिते.

दीपगृहाचं नाव स्प्लिट रॉक. डुलूथ गावावरून लेक सुपिरियरच्या काठाकाठाने हायवे ६१ ने उत्तरेला तासभर गेलं की एक उभा कडा लागतो, पाण्यापासून साधारण १३० फूट, आणि त्याच्या अगदी टोकावर पिवळसर विटांचा आठकोनी बुटका मनोरा. हो, बुटकाच आहे, जेमतेम ५४ फूट. उंची कड्याने दिलेली असताना मनोरा उगाच कशाला वाढवा.

आता तळं म्हणजे तुमच्या डोळ्यासमोर रंकाळा येत असेल तर तो आधी बाजूला ठेवा. लेक सुपिरियर साधारण ८२,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त, आणि सगळ्यात खोल ठिकाणी ४०० मीटरच्या वर. समोरचा किनारा दिसत नाही, पाणी गोडं पण भर उन्हाळ्यातही पाय बधिर करणारं, आणि नोव्हेंबरात इथे जी वादळं येतात ती समुद्राला लाजवतील अशी. पुन्हा इथे सहलीच्या होड्या नव्हत्या फिरत. उत्तर मिनेसोटात मेसाबी म्हणून पट्टा आहे, तिथलं खनिज लोखंड रेल्वेने डुलूथ आणि टू हार्बर्सला यायचं आणि तिथून बोटींनी खालच्या सरोवरांवरच्या पोलाद कारखान्यांकडे जायचं, आजही जातं. अमेरिकेतल्या किती पुलांचं आणि इमारतींचं लोखंड याच पाण्यावरून गेलंय. त्यात हा किनारा सगळा खडकाळ, वर दगडातच लोखंड असल्यामुळे होकायंत्र भरकटतं अशी खलाशांची तक्रार.

मग १९०५ चा नोव्हेंबर आला. २८ तारखेच्या वादळात या सरोवरावर एकापाठोपाठ एक बोटी खडकांवर आपटल्या. माटाफा नावाची बोट डुलूथच्या बंदरात शिरता शिरता धक्क्यावर आदळून फुटली, किनाऱ्यावर हजारो माणसं उभी, आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिच्यातले नऊ जण थंडीने गारठून मेले. वादळाला नाव तिचंच पडलं. स्प्लिट रॉकच्या आसपास मदिरा नावाचं एक बार्ज, जे दुसरी बोट ओढून नेत होती, ते सुटून कड्यावर जाऊन आदळलं, तेव्हा त्यातला एक खलाशी दोर घेऊन थेट कड्यावर उडी मारून वर चढला आणि त्या दोराने बाकीचे आठ जण वाचले, एक गेला. मी पाहुण्यांना तो कडा दाखवते तेव्हा कुणाचा विश्वास बसत नाही, कारण तिथे दिवसाढवळ्या, कोरड्या हवेतसुद्धा हाताला धरायला काही सापडेल असं वाटत नाही.

यानंतर पोलाद कंपनीच्या बोटींचे मालक वॉशिंग्टनला गेले आणि १९०७ मध्ये सरकारने दीपगृहासाठी ७५,००० डॉलर मंजूर केले. खलाशी मेले म्हणून की बोटी बुडाल्या म्हणून, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला माझं उत्तर माहितीये.

बांधताना तिथे रस्ताच नव्हता. वीट, सिमेंट, लोखंड सगळं बोटीने कड्याच्या पायथ्याशी आणायचं आणि वाफेवर चालणाऱ्या क्रेनने वर ओढायचं. ३१ जुलै १९१० ला दिवा लागला. हेड कीपर, म्हणजे दिवा सांभाळणारा मुख्य माणूस, आणि दोन असिस्टंट, रांगेत तीन सारखी घरं, धुक्यात वाजवायला पेट्रोलच्या इंजिनावर चालणारा भोंगा. पहिल्याच सीझनमध्ये दोघं असिस्टंट टपाल आणायला होडीने गेले ते परत आलेच नाहीत. एप्रिल ते डिसेंबर असं काम, नंतर पाणी गोठलं की बोटी बंद.

आणि आता ते भिंग, कारण खरं सांगायचं तर पैसे मी त्या भिंगासाठी देते. पॅरिसमध्ये बनवलेलं फ्रेनेल भिंग, म्हणजे एक अखंड काच नाही, पितळी चौकटीत बसवलेले शेकडो लोलक, प्रत्येकाचा कोन वेगळा, मधल्या छोट्याशा ज्योतीचा सगळा उजेड गोळा करून तो आडव्या झोतात बाहेर फेकायचा. समोरासमोर दोन बाजू, शिंपला उघडल्यासारख्या. हे सगळं काही टन वजनाचं धूड पाऱ्यावर तरंगतं, म्हणून इतकं हलकं फिरतं की बोटाने ढकललं तरी हलेल (ढकलू देत नाहीत, विचारून झालंय). फिरवायला घड्याळासारखं यंत्र, मनोऱ्याच्या पोटात खाली सरकणारी वजनं, आणि कीपरने दर दोन तासांनी हँडल मारून ती परत वर आणायची, रात्रभर. दर १० सेकंदांनी एक झळक. सरोवरावरच्या कॅप्टनने घड्याळ लावून मोजलं की कळायचं, हा स्प्लिट रॉक, दुसरा कुठला नाही. अधिकृत पल्ला २२ मैल.

आत १९४० पर्यंत वीज नव्हती, रॉकेलचा दिवा होता, रॉकेलची वाफ करून ती जाळीवर पेटवायची, आपल्याकडची लग्नाच्या वरातीतली गॅसबत्ती ज्यांनी पाहिलीये त्यांना लगेच कळेल. काजळी धरली की सकाळी प्रत्येक लोलक पुसायचा, तेही एप्रन घालून, कारण कोटाच्या बटणाने काचेवर ओरखडा पडला तर तो कायमचा. आणि पुसून झालं की दिवसभर काचेला पडदे लावून ठेवायचे, नाहीतर उन्हात हेच भिंग उलट काम करतं, सूर्य आत गोळा करून आग लावतं. पडद्याची ही गोष्ट सांगितली की लहान मुलं एकदम जागी होतात, मोठी माणसं त्याआधीच गिफ्ट शॉपकडे वळलेली असतात.

बरं, मग बंद का झालं? १९२४ मध्ये किनाऱ्याने मोटररस्ता झाला आणि लोक बघायला यायला लागले, इतके की पाहुण्यांना फिरवून आणणं हे कीपरच्या कामातच धरलं गेलं. तिकडे बोटींवर रेडिओ आला, रडार आलं, आणि १९६९ मध्ये कोस्ट गार्डने दिवा बंद केला. म्हणजे उणीपुरी साठ वर्षं काम केलं त्याने. १९७१ मध्ये जागा राज्याकडे आली आणि १९७६ पासून मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी ते सांभाळते.

इथे मी जरा कटू बोलते. हे दीपगृह वाचलं ते फार महत्त्वाचं होतं म्हणून नाही, देखणं होतं आणि रस्त्यालगत होतं म्हणून. खालच्या खडीच्या बीचवरून त्याचा जो फोटो येतो तो कॅलेंडरवर असतो, मगवर असतो, १९९५ मध्ये पोस्टाच्या तिकिटावरही आला. ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे सुपिरियर धरून इथल्या पाच मोठ्या सरोवरांमध्ये, याहून अवघड जागी बांधलेली, भर पाण्यात खडकावर उभी असलेली कितीतरी दीपगृहं आहेत जिथे बोटीशिवाय जाताच येत नाही, तिथे तिकीट कोण काढणार आणि दुरुस्ती कोण करणार. सन २००० मध्ये कायदाच केला इथल्या सरकारने, की नको असलेली दीपगृहं एखाद्या संस्थेला किंवा गावाला फुकट द्यायची आणि कुणीच घेतलं नाही तर लिलाव. फुकट म्हणजे काय ते आपल्याला माहितीये, गळकं छप्पर आणि गंजलेला जिना आधी पदरात पडतो.

जपणं म्हणजे रंग मारणं नाही, हे मला इथे येऊन येऊन कळत गेलं. जुन्या भिंगातले लोलक ज्या लांबीने (पुट्टीने) बसवलेले असतात ती शिशाच्या भुकटीची आणि जवसाच्या तेलाची, शंभर वर्षांत ती वाळते, तडकते, गळून पडते, आणि काच सैल होते. जुन्या विटांच्या भिंतीला कुणी भाबडेपणाने कडक सिमेंटने सांधे भरले तर आत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडत नाही, ते विटेत अडकतं, हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि विटेचा चेहराच सोलून निघतो. शून्याखाली तीस जाणाऱ्या गावात हे दरवर्षी. आणि पारा, तो विषारी, त्यामुळे तो तसाच ठेवायचा तर पुढची सगळी जबाबदारी आलीच. खूप ठिकाणी पारा काढूनच टाकलाय.

शिवाय जपायचं ते कुठल्या वर्षातलं? स्प्लिट रॉकवाल्यांनी ठरवलं १९२० चं दशक, म्हणजे रॉकेलचा दिवा, कीपरचं घर त्या काळचं, त्या काळचे कपडे घातलेली माणसं माहिती सांगायला. ठीक आहे, काहीतरी ठरवावंच लागतं, पण त्यामुळे नंतरची कोस्ट गार्डची विजेची वर्षं जवळजवळ पुसली गेली. मला ती पण थोडी दिसायला आवडली असती, बल्बचं काम करणाऱ्या माणसाचं काम काही कमी नव्हतं.

"पण आता जीपीएस आहे ना," हे सासऱ्यांचं. आहे की. पण १० नोव्हेंबर १९७५ ऐका. एडमंड फिट्झजेराल्ड, ७२९ फुटांची, खनिज लोखंडाच्या गोळ्यांनी भरलेली बोट, याच सरोवराच्या पूर्व टोकाला. वादळात तिची दोन्ही रडार गेली, आणि ती ज्या व्हाइटफिश पॉइंटकडे निघाली होती तिथली वीज गेल्यामुळे रेडिओ बीकन, म्हणजे बोटींना दिशा कळावी म्हणून पाठवला जाणारा रेडिओ संकेत, बंद, दिवाही काही वेळ बंद. रेडिओवर दुसऱ्या बोटीला विचारत होते की दिवा दिसतोय का. २९ जण, एकाचंही शव मिळालं नाही. स्प्लिट रॉकचा याच्याशी काही संबंध नाही, ते शेकडो मैल लांब, तेव्हा बंदच होतं, चालू असतं तरी उपयोग नव्हता, हे मी आधीच सांगते कारण लोक उगाच जोडतात. पण १९८५ पासून दर १० नोव्हेंबरला संध्याकाळी इथे २९ नावं वाचतात, प्रत्येक नावाला घंटेचा टोल, मग एक टोल सरोवरांमध्ये गेलेल्या बाकी सगळ्यांसाठी, आणि नंतर दिवा लावतात. ते भिंग बिघडलेलं असतं, नुसतं काचेआड ठेवलेलं असतं, तर हे करता आलं नसतं. माझे पैसे तिथे जातात असं मी समजते. नक्की कुठे जातात ते त्यांचा अकाउंटंट जाणो.

आणि हो, मी अलिबागजवळच्या थळची. लहानपणी रात्री समुद्राकडे बघितलं की खांदेरी बेटावरचा दिवा फिरताना दिसायचा, १८६७ चं दीपगृह, महाराजांनी बांधलेल्या किल्ल्याच्या आत, आणि अजून चालू. २०२५ मध्ये खांदेरी बाकी किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेला तेव्हा माझ्या फोनवर दिवसभर फोटो येत होते. हे सगळं सासऱ्यांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, मग पैसे खांदेरीला दे की. मुद्दा बरोबर आहे. दिव्याची काळजी सरकारचं खातं घेतं, पण बुरूज आहेत, तोफा आहेत, त्यासाठी कुणी पावतीपुस्तक घेऊन बसलं असेल तर मला कळवा, दोन्हीकडे देईन.