शॉवरला गार, बादलीला गरम

पुण्यात वाघोली-खराडी साईडला प्लंबिंग आणि गिझर फिटिंगची कामं करतो. थंडी पडली की फोन बंद होत नाही, आणि निम्म्या लोकांचं एकच, शॉवरला गरम पाणी येत नाही. बहुतेक वेळा कॉइल गेलेली असते नाहीतर क्षार धरलेला असतो, पण ही केस वेगळी निघाली.

टॉप फ्लोअरचा फ्लॅट, रिटायर्ड काका-काकू. नुकतंच बाथरूम नवीन करून घेतलेलं. काका म्हणाले, ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर काढून साडेचारचा बसवला तरी शॉवर गारच, आता याहून मोठा आणू का?

म्हटलं थांबा काका, बादलीला नुसता गरम नळ सोडला की कसं येतं?

"कडक! हात भाजतो."

म्हणजे गिझर ठणठणीत. तो बिघडला असता तर बादलीलाही गारच आलं असतं ना. दोन्ही नळ उघडून मिक्स केलं की मात्र गरम गायब. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "दादा, किचनचा नळ पण बघा. दुपारी २ ते ५ सोसायटीचं पाणी बंद असतं तरी बारीक धार येते, आणि खारट लागते. एकदा तर कोमट आलं."

काका लगेच, अगं ते आरओवाल्याचं काम, यांना कशाला सांगतेस. पण मला तर तिथेच काय ते कळलं. गच्चीवर गेलो. दोन टाक्या, एक पिण्या-वापरायच्या पाण्याची, दुसरी बोअरची, फ्लशसाठी. पिण्याच्या लाईनवर काकांनी स्वतःचा छोटा प्रेशर पंप लावलेला, कारण टॉप फ्लोअरला टाकी शॉवरच्या जेमतेम ३ मीटर वर असते आणि १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर मिळतं, म्हणजे इथे मिळणार ०.३ बार, एवढ्यावर शॉवर नुसता ठिबकतो. पंपाने ते दीड बारपर्यंत नेलेलं. आणि बोअरची लाईन तशीच, नुसत्या उतारावर.

बाथरूममध्ये टाईल्सवरून पाईप कुठून कुठे गेलाय ते कळत नाही, म्हणून साधी टेस्ट केली. फ्लशचा व्हॉल्व बंद केला, गिझरचं पाणी थांबलं. झालं! रिनोव्हेशनवाल्याला फ्लशची लाईन जवळ पडली, त्याने गिझरला इनलेट तिथूनच दिला. भिंत कमी फोडावी लागली असेल, दुसरं कारण मला तरी दिसत नाही. गरम बाजूला ०.३ बार, गार बाजूला दीड. मिक्सर उघडला की गार पाणी गरमला पुढे येऊच देत नाही, मग गिझर साडेचारचा असो नाहीतर दहाचा.

आणि किचनचं खारं पाणी? काकांनी बटणवाला हँडशॉवर लावलेला. पाणी एकदा सेट केलं की मिक्सरचे नळ तसेच उघडे ठेवायचे आणि फक्त बटणाने बंद करायचं. आता गरम-गार दोन्ही लाईनी मिक्सरमध्ये आतून जोडलेल्याच राहतात की. दुपारी पिण्याची लाईन बंद पडली, काकूंनी नळ सोडला, की बोअरचं पाणी गिझरमधून, मिक्सरमधून उलटं फिरून थेट किचनमध्ये! गिझर चालू राहिला असेल तर कोमट. २ वाजेपर्यंत थांबलो आणि मीटर लावला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम प्रति लिटर) अकराशेच्या वर. सकाळी त्याच नळाला दोनशेच्या आसपास होता. पिण्याच्या पाण्याची चांगली मर्यादा ५०० धरतात. बिचारा आरओवाला उगाच शिव्या खात होता.

मग बाथरूमची एक भिंत फोडावीच लागली. गिझरचा इनलेट पंपाच्या पुढे पिण्याच्या लाईनवर घेतला, म्हणजे गरम आणि गार दोन्हीकडे एकच टाकी, एकच प्रेशर. बोअरच्या पाईपला एंड कॅप. गिझर ६.५ बारपर्यंत प्रेशर सहन करतो असं त्यावर लिहिलेलं होतं, त्यामुळे पंपाची काळजी नव्हती. कॉइलवर मात्र इतक्यातच पांढरा थर, ती साफ केली. आणि तो साडेचारचा गिझर १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालू होता, खेचतो जवळपास २० अँपिअर, पिन काळी पडलेली! इलेक्ट्रिशियनकडून ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर आणि २५ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) टाकून घेतली.

खरं सांगायचं तर इन्स्टंट गिझर शॉवरचं कामच नाही. साडेचार किलोवॅट मिनिटाला ३ लिटर पाणी २१-२२ डिग्रीने तापवतो, आणि बरा शॉवर मिनिटाला ७-८ लिटर घेतो, थंडीत काय पुरणार? हे काकांना सांगितलं, २५ लिटरचा स्टोरेज घ्या म्हटलं. ते म्हणाले हा नवा आहे, एक वर्ष तरी वापरू दे. मग शॉवरहेड कमी पाण्याचं लावून दिलं, चालतंय.

हँडशॉवरचं बटण काढायला मात्र काका तयार होईनात. गुडघे दुखतात, सारखं नळापर्यंत वाकायचं नाही म्हणे. शेवटी मिक्सरच्या दोन्ही बाजूंना एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारे व्हॉल्व, टाकले. आता त्याच लाईनमधल्या खालच्या तीन फ्लॅटवाल्यांनी फोन केलेत, त्यांच्याकडेही रिनोव्हेशनवाला तोच होता.